ड्रमर कुठे गेला?

आमच्या कॉलेजचा बँड एकूण सात महिने टिकला. त्या सात महिन्यांत एक गॅदरिंग, एक इंटरकॉलेज फेस्टिव्हल (पहिल्याच फेरीत बाद) आणि गिटारिस्टच्या ताईची हळद एवढे 'शोज' आम्ही केले. हळदीत आम्ही मेटल वाजवायला घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला तिच्या मामांनी बेंजोवाल्यांना खूण केली, तो किस्सा पुन्हा कधीतरी. मी कीबोर्डवर होते.

सेकंड इयरच्या दिवाळीनंतर आमचा ड्रमर प्रॅक्टिसला यायचा बंद झाला. फोन उचलेना, मेसेज वाचून गप्प. शेवटी आम्ही तिघं त्याच्या घरी धडकलो. त्याच्या आईनं दार अर्धंच उघडलं, 'त्याला बरं नाहीये, नंतर या' म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आम्हाला राग आला. दुसरा फेस्टिव्हल तोंडावर आलेला आणि हा साधं कारणही सांगत नाही, म्हणजे काय? मग कारण आम्हीच शोधलं. कॅन्टीनमध्ये तीन थिअऱ्या फिरत होत्या, त्यातली एक माझी. दोन दिवसांत ती अख्ख्या डिपार्टमेंटला पाठ झाली. पुढे कळलं की ती निम्मी खरी होती. पूर्ण खोटी असती तर निदान त्याला हसून सोडून देता आली असती. त्यानं कॉलेज बदललं.

हे आठवायचं कारण असं, की रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. एवढे भारी बँड संपतात का? ज्यांच्या गाण्यांवर आपली परीक्षेची रात्र निघते, ब्रेकअप निघतं, ते चौघंजण एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात, असं का होतं? ठरलेलं उत्तर असतं 'इगो'. पण इगो काय, आपल्या सोसायटीच्या गणपती मंडळातही असतो आणि तरी गणपती दरवर्षी बसतो. आधी जरा पैशाचं बघू.

गाण्याची कमाई दोन वाटांनी येते. एक रेकॉर्ड विकली गेल्याची, ती बँडमध्ये वाटली जाते. दुसरी गाणं लिहिणाऱ्याची आणि चाल बांधणाऱ्याची. ती ज्याचं नाव कंसात छापलेलं असतं, त्याच्याच खात्यात जाते. स्टुडिओत चौघं सारखे राबतात, बसमध्ये चौघं सारखेच अवघडून झोपतात, आणि पाच वर्षांनी एकाचा बंगला होतो, दुसरा अजून भाड्याच्या घरात. क्वीन या बँडची गोष्ट यासाठी मस्त आहे. १९७५ मध्ये फ्रेडी मर्क्युरीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं आणि तुफान चाललं. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरनं गाडीप्रेमावर लिहिलेलं एक गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या बाजूसाठी, पण दोन्ही बाजूंच्या लेखकांना पैसे सारखेच! यावरून त्यांच्यात वर्षानुवर्षं कुरबुर चालली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर चौघांचं मिळून एकच नाव टाकायला सुरुवात केली: क्वीन. अमेरिकेतल्या आर.ई.एम.नं मात्र हे शहाणपण अगदी सुरुवातीलाच दाखवलं होतं. कुणीही लिहो, नाव चौघांचं.

बीटल्सना हे जमलं नाही. तिथं बहुतेक गाण्यांवर लेनन आणि मॅकार्टनी, आणि जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला बहुतेक अल्बममध्ये एक-दोन गाण्यांची जागा. बँड फुटला त्याच वर्षी, १९७० मध्ये, हॅरिसननं एकदम तीन तबकड्यांचा अल्बम काढला. इतकं त्याच्याकडे साठलेलं होतं. त्याआधी १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टीन गेला आणि घरातला कर्ता माणूस गेल्यावर जे होतं ते झालं. नवा मॅनेजर कोण यावर तिघं एकीकडे आणि पॉल दुसरीकडे. पॉलला हवे होते त्याचे सासरे. ३१ डिसेंबर १९७० ला पॉलनं भागीदारी मोडण्यासाठी कोर्टात दावा लावला. म्हणजे जगातला सगळ्यात लाडका बँड संपला तो जमिनीच्या वाटण्या होतात तसा, वकिलांसमोर.

आणि आपण काय सांगतो? योको ओनोमुळे फुटला!

पीटर जॅक्सननं २०२१ मध्ये १९६९ च्या जानेवारीतल्या फुटेजवरून केलेली जवळपास आठ तासांची 'गेट बॅक' ही मालिका वेळ मिळाला तर बघाच. योको त्यात बहुतेक वेळ नुसती बसलेली दिसते. पेपर वाचते, शिवते, पत्रं चाळते. खुद्द पॉल त्यात गमतीनं म्हणतो, की पन्नास वर्षांनी लोक सांगतील, योको अॅम्प्लिफायरवर बसली म्हणून हे वेगळे झाले. तसंच झालं की! कारण करारांच्या कागदांत होतं आणि जग ते बेडरूममध्ये शोधत बसलं. करार वाचायला कंटाळा येतो, बेडरूमचा येत नाही.

आपली ही खोड सगळ्यात जास्त कुणाला भोवली असेल, तर सिड बॅरेटला.

पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम १९६७ चा. त्यातली बहुतेक गाणी सिडची. गाणारा तो, गिटार त्याची, बँडचं नावही त्यानंच ठेवलेलं. वय एकवीस. आणि वर्षभरात तो स्टेजवर एकच सूर धरून उभा राहू लागला, कधी नुसताच बघत. एलएसडी भरपूर घेत होता, हे खरं. अचानक आलेली प्रसिद्धी होती, दौरे होते. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला निघताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? आणि त्यांनी घेतलं नाही. इतकं साधं. बँडच्या लोकांनी स्वतःच पुढे हे सांगितलंय. त्याच्या जागी त्याचाच जुना मित्र डेव्हिड गिलमोर आला होता.

पुढचा प्रसंग ५ जून १९७५ चा. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड 'विश यू वेअर हिअर'वर काम करत होते. त्यात एक लांबलचक गाणं सिडवरच लिहिलेलं. स्टुडिओत एक जाडजूड माणूस येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कुणाला कळेना हा कोण. कळलं तेव्हा रॉजर वॉटर्सला रडू आलं. सात वर्षांपूर्वी ज्याला गाडीत घेतलं नव्हतं, तो स्वतःच चालत आला होता.

सगळे लेख इथं थांबतात, कारण गोष्ट म्हणून हा शेवट फार छान आहे. पण सिड त्यानंतर एकतीस वर्षं जगला! तो केंब्रिजला आईच्या घरी परत गेला. आपलं मूळ नाव, रॉजर, वापरू लागला. चित्रं काढायचा, बागकाम करायचा, घरातलं फर्निचर स्वतः ठोकायचा, सायकलवरून सामान आणायचा. बहीण लक्ष ठेवून असायची. त्याच्या गाण्यांचे पैसे त्याला मिळत राहतील, याची काळजी गिलमोरनं घेतली. आता सांगा, हे काय वाईट आयुष्य आहे? आपल्याकडे निवृत्तीनंतर लोक याचीच स्वप्नं बघतात.

पण त्याला ते जगू दिलं नाही. चाहते दारात यायचे, बेल वाजवायचे. फोटोग्राफर झुडपामागून फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी 'बघा, सिडचं काय झालं' म्हणून छापायचे. फोटोत असायचा काय, तर दुकानातून सामान घेऊन घरी निघालेला, टक्कल पडलेला एक मध्यमवयीन इंग्रज. सिड या नावानं मारलेली हाक त्याला नको असायची, तरी लोक त्याच नावानं हाका मारायचे. त्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी त्याच्या आजारांची निदानं केली. जुलै २००६ मध्ये तो गेला, त्याच नोव्हेंबरात त्याच्या सायकली, घरी ठोकलेलं फर्निचर आणि चित्रं लिलावात निघाली.

सिड नसतानाच पिंक फ्लॉइड खऱ्या अर्थानं मोठा झाला, हे विसरू नका. तो बँड ढासळला तो पुढे, आणि त्याची कारणं पुन्हा तीच. 'द वॉल'च्या वेळी वॉटर्सनं कीबोर्डवाल्या रिक राइटला बँडबाहेर काढलं आणि दौऱ्यात पगारी वादक म्हणून ठेवलं. गंमत म्हणजे तो दौरा तोट्यात गेला आणि चौघांपैकी पैसे सुटले फक्त पगारी राइटचे. (कीबोर्डवाल्यांना कमी लेखू नका, एवढंच मी सांगेन.) १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि बँडचं नाव कुणाचं यावर कोर्टबाजी झाली. याबद्दल वाट्टेल तेवढे प्रश्न विचारा. तो धंदा आहे, तिकीट आपण काढलेलं असतं. पण दार कुणाचं वाजलं? कोर्टात भांडणाऱ्यांचं नाही, जो काहीही न मागता निघून गेला त्याचं.

आता जरा घराजवळ येऊ. पाचगणीला तुम्ही गेला असाल. टेबललँड, स्ट्रॉबेरी क्रीम, झालंच तर शाळांच्या सहली. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकला. शाळेतच त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. हे त्यानं घरातल्या आणि अगदी जवळच्या लोकांना सांगितलं, पुढे बँडमधल्या तिघांना. बाहेर नाही.

फेब्रुवारी १९९० मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात तो स्टेजवर दिसला, गाल बसलेले. मग लंडनच्या टॅब्लॉइड पेपरांनी पाठ धरली. त्याच्या घराबाहेर फोटोग्राफर तळ ठोकून. त्या वर्षी इंग्लंडमध्ये कायदा काय म्हणत होता माहितीये? त्याच वर्षी एका पेपरचा वार्ताहर आणि फोटोग्राफर हॉस्पिटलमध्ये घुसले आणि डोक्याला गंभीर इजा झालेल्या गॉर्डन के या टीव्ही अभिनेत्याचे फोटो काढून गेले. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा न्यायाधीशांना हळहळत सांगावं लागलं, की इंग्लिश कायद्यात खासगीपणाचा हक्क असा काही नाही. म्हणजे आजारी फ्रेडीच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये कायद्याची भिंत नव्हतीच. भिंत होती ती तीन माणसांची: ब्रायन मे, रॉजर टेलर, जॉन डीकन. पत्रकारांनी विचारलं की ते सरळ 'त्याला काही झालेलं नाही' म्हणायचे.

आणि त्या भिंतीमागे काय चाललं होतं? काम. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी तळ्याकाठी त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथं फ्रेडीच्या मागे कुणी लागत नसे. शरीर साथ देईल तसं तो तिथं गात गेला. आधी ज्या गाण्यांच्या नावांवरून कुरबुरी व्हायच्या, तिथं आता सगळ्यांवर 'क्वीन' लिहिलेलं. १९९१ च्या सुरुवातीला 'इन्युएंडो' आला. मुख्य गायक मरणाच्या दारात असताना बँडनं असा अल्बम करावा! मला तरी वाटतं, बातमी आधी फुटली असती तर तो अल्बम झाला नसता, नुसत्या मुलाखती झाल्या असत्या.

२३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीनं निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो फालतू नाही. त्यानं आधी सांगायला हवं होतं, म्हणतात. त्या काळात एड्सच्या रुग्णांना लोक हात लावायला घाबरायचे. एवढा मोठा माणूस बोलला असता तर कितीतरी जणांना धीर आला असता. अगदी दोनच आठवडे आधी, ७ नोव्हेंबरला, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन स्वतःहून जगासमोर आला होता आणि त्यानं खरोखर फरक पडला. मी यावर बरेच दिवस विचार केलाय. मॅजिक जॉन्सनचं मोठेपण कशात आहे? त्यानं सांगितलं, यात. त्याच्याकडून ते काढून घेतलं गेलं असतं तर तेच वाक्य मोठेपणाचं राहिलं नसतं. फ्रेडीच्या दारात उभे असलेल्यांना एड्सच्या रुग्णांची काळजी नव्हती, त्यांना फोटो हवा होता.

मग कलाकाराबद्दल काहीच विचारायचं नाही का? असंही नाही. काही बँड आपलं घरगुती भांडणच दुकानात मांडतात. फ्लीटवूड मॅकचा १९७७ चा 'रूमर्स' हा अल्बमच मुळी बँडमधल्या जोड्या तुटत असताना एकमेकांवर लिहिलेल्या गाण्यांचा आहे. तिथं 'हे गाणं कुणावर?' असं विचारलं तर ते नाक खुपसणं नव्हे. जे काउंटरवर ठेवलंय ते बघावं, काउंटरच्या आत जाऊ नये. आणि एखाद्यानं कुणावर अत्याचार केला असेल, तर 'माझं खासगी आयुष्य' ही त्यासाठीची पळवाट नाही. तेवढा फरक आपल्याला कळतो.

कायदा मधल्या काळात पुढे सरकला. लोरीना मॅकेनिट या कॅनडाच्या गायिकेवर तिच्या एका जुन्या मैत्रिणीनं पुस्तक लिहिलं. त्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतरचं तिचं दुःखही होतं. २००६ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टानं मॅकेनिटच्या बाजूनं निकाल दिला. निर्वाणाच्या कर्ट कोबेनचा १९९४ मध्ये मृत्यू झाला. त्या जागेचे पोलिसांकडचे फोटो खुले करा, अशी मागणी एका पत्रकारानं कोर्टात लावून धरली, तेव्हा २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या कोर्टानं ती फेटाळली, कुटुंबाच्या खासगीपणासाठी. कर्टच्या डायऱ्या मात्र २००२ मध्येच छापून झाल्या होत्या. हॉस्टेलवर ते पुस्तक हातोहात फिरायचं. मी निम्मं वाचून ठेवून दिलं. पुण्य म्हणून नव्हे, त्याचं अक्षर लागेना म्हणून. आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अर्थात कॅन्टीनमधल्या थिअऱ्यांवर सुप्रीम कोर्ट काही करू शकत नाही.

शेवटी दोन माणसांबद्दल सांगते, ज्यांना त्यांच्या सोबत्यांनी सुखानं जाऊ दिलं. जॉन डीकन हा क्वीनचा बासवाला. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं. फ्रेडी गेल्यावर त्याचं मन उडालं. १९९७ नंतर तो स्टेजवर आला नाही. २००१ मध्ये बँडचा हॉल ऑफ फेममध्ये सत्कार झाला, तेव्हाही नाही. मे आणि टेलर पुढेही क्वीन नावानं दौरे करत राहिले, हिशेबांवर डीकनची नजर असते म्हणे, पण तो येत नाही ती त्याची मर्जी, असं त्यांनी म्हटलंय.

दुसरा बिल बेरी, आर.ई.एम.चा ड्रमर. मार्च १९९५ मध्ये लोझानला ऐन कार्यक्रमात त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. ऑपरेशन झालं, वाचला, परत वाजवलंही. मग १९९७ मध्ये त्यानं सांगितलं की आता नको, मी शेती करतो. माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मात्र जात नाही, असंही म्हणाला. बाकीच्या तिघांनी जाऊ दिलं. पुढची चौदा वर्षं त्यांनी त्याच्या जागी कायमचा सभासद घेतला नाही, वाजवायला माणसं बोलावली. त्या चौदा वर्षांतले अल्बम आधीसारखे नाहीत, हे मी चाहती असूनही कबूल करते. २०११ मध्ये त्यांनी न भांडता बँड बंद केला. २०२४ च्या जूनमध्ये एका सत्कार समारंभात चौघं एकत्र आले, बेरीसुद्धा. 'लूझिंग माय रिलिजन' हे एकच गाणं वाजवलं आणि घरी गेले.

तो व्हिडिओ मी गेल्या महिन्यात आमच्या ड्रमरला पाठवला. सोबत दोन ओळी लिहिल्या. माफीच्या होत्या, 'कसा आहेस' वगैरे विचारलं नाही. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी दुसरा मेसेज केलेला नाही.